पिंग लागेपर्यंत : एफपीजीए बोर्ड आणि नेटवर्कचे धडे

एफपीजीए बोर्डावरचा एलईडी लुकलुकता कसा करावा, हे शिकवणारे पाठ पोत्याने मिळतात. स्विच, सेव्हन सेगमेंट, यूएआरटी यांचेही तसेच. थोडे पुढे गेले की व्हीजीए, क्वचित डीडीआर मेमरी. पण तोच बोर्ड लॅनच्या तारेने लॅपटॉपला जोडून चार बाइट इकडून तिकडे पाठवायचे म्हटले, की रांग एकदम विरळ होते. जे पाठ सापडतात त्यातला एक जुन्या आवृत्तीचा असतो, दुसरा भलत्याच बोर्डाचा, आणि तिसऱ्यात ‘आता लिनक्स सुरू करा’ या वाक्याच्या आधीचे सगळे गृहीत धरलेले असते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे बरेच प्रकल्प इथे येऊन अडतात आणि मुकाट्याने यूएआरटीवर परततात.

याचे कारण विषयाच्या अवघडपणात कमी आणि वाटणीत जास्त आहे. हार्डवेअर शिकवणारा पिनपाशी थांबतो. सॉफ्टवेअर शिकवणारा सॉकेटपासून सुरुवात करतो. मधला मुलूख, म्हणजे फाय चिप, तिचे क्लॉक, मॅक, फ्रेमच्या शेवटचा सीआरसी, एआरपीची पहिली विचारपूस, हा कोणाच्याच अभ्यासक्रमात नीट बसत नाही. त्यामुळे ‘माझ्या बोर्डासाठी नेटवर्कचे चांगले ट्युटोरियल कुठे आहे’ हा प्रश्नच मुळात अर्धवट विचारला जातो. बोर्डाचे नाव टाकून शोधणाऱ्याला काहीतरी मिळते, पण आपल्याला हवे ते हेच का, हे ओळखता येत नाही. त्यासाठी आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: लॅनच्या सॉकेटमागची तार चिपच्या कोणत्या भागात जाते, फाय आणि चिप यांच्यामधला इंटरफेस कोणता, आणि आपल्या संगणकावर टूलची आवृत्ती कोणती. या तीन उत्तरांशी जुळणारा पाठ दुसऱ्याच बोर्डासाठी लिहिलेला असला तरी चालून जातो. न जुळणारा पाठ आपल्याच बोर्डाचा असला तरी आठवडा खातो.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. आजचे शिकाऊ बोर्ड दोन घराण्यांचे आहेत. एका घराण्यात चिपमध्ये घडवलेला पक्का प्रोसेसर आणि त्याच्या शेजारी एफपीजीएची जाळी असते. झायलिंक्सच्या झिंक ७००० या चिपमध्ये दोन एआरएम कॉर्टेक्स ए९ गाभे आहेत आणि दोन गिगाबिट इथरनेट मॅकही त्याच पक्क्या भागात बसवलेले आहेत. पिंक झेड२, झायबो झेड७, झेडबोर्ड हे या घराण्यातले. अल्टेराकडचा डीई१०-नॅनो, म्हणजे सायक्लोन ५ एसओसीचा बोर्ड, तोही याच जातीचा. या बोर्डांवर लॅनची फाय प्रोसेसरच्या पिनांना जोडलेली असते. व्हेरिलॉगमध्ये लिहिलेल्या आपल्या सर्किटचा त्या तारेशी थेट संबंधच येत नाही. डीई१०-नॅनो घेऊन ‘इथरनेटच्या पिना कन्स्ट्रेंट फाइलमध्ये कुठे आहेत’ असे शोधणाऱ्याला त्या जाळीच्या बाजूला सापडणार नाहीत, कारण त्या तिथे नाहीतच.

दुसरे घराणे निव्वळ एफपीजीएचे. डिजिलेंटचे आर्टी ए७ आणि नेक्सिस ए७, टेरासिकचा डीई२-११५ ही त्याची ठळक उदाहरणे. इथे फाय थेट जाळीच्या पिनांवर येते, आणि मॅकपासून पुढचे सगळे आपल्याला उभे करावे लागते. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत भरपूर दिसणारा बेसिस ३ मात्र दोन्हीकडचा नाही. त्यावर लॅनचे सॉकेटच नाही. त्याला नेटवर्कवर आणायचेच असेल तर विझनेटच्या डब्ल्यू५५०० सारखी चिप एसपीआयवर लावतात. त्या चिपमध्ये टीसीपी-आयपी आधीच हार्डवेअरमध्ये आहे, आठ सॉकेट आणि ३२ किलोबाइट बफर मिळतो. ज्याला फक्त तापमानाचा आकडा सर्व्हरकडे पाठवायचा आहे त्याने हाच रस्ता धरावा, असे माझे मत आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आता पहिल्या घराण्याकडे. झिंकच्या बोर्डावर नेटवर्क चालू करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पिंक. झायलिंक्सने २०१६ च्या सुमारास आणलेल्या या व्यवस्थेत एसडी कार्डावर तयार लिनक्सची प्रतिमा टाकायची, जंपर एसडीवर ठेवायचा, लॅनची तार लावायची आणि ब्राउझरमधून बोर्डावरच्याच ज्युपिटर नोटबुकमध्ये शिरायचे. राउटर नसेल तर बोर्ड १९२.१६८.२.९९ हा पत्ता धरतो. लॅपटॉपला त्याच जाळ्यातला, १९२.१६८.२.१ असा पत्ता हाताने द्यायचा. पायथनमधून ओव्हरले चढवायचा, डीएमएने आकड्यांची रांग जाळीत पाठवायची, उत्तर परत घ्यायचे. इथले पाठ व्यवस्थित आहेत, नोटबुकच्या रूपात बोर्डावरच बसवलेले आहेत आणि प्रतिमेच्या आवृत्तीबरोबरच येतात. पाठ आणि आवृत्ती एकत्र बांधलेली असणे ही या क्षेत्रातली दुर्मीळ गोष्ट आहे, आणि पिंकच्या लोकप्रियतेचे निम्मे श्रेय मी तिलाच देईन.

पण या वाटेवर नेटवर्क खऱ्या अर्थाने शिकून होत नाही. ते लिनक्स करते. एफपीजीएचे काम गणिताचे राहते. ज्याचा प्रकल्प प्रतिमा-प्रक्रियेचा आहे, ज्याला निकाल फक्त बाहेर काढायचा आहे, त्याला हे पुरेसे आहे. ज्याला पाकीट आल्यापासून काही मायक्रोसेकंदांत उत्तर द्यायचे आहे, त्याला लिनक्सचा वळसा परवडत नाही.

लिनक्सशिवाय, म्हणजे बेअर मेटलवर, झिंक चालवणाऱ्यांचा ठरलेला पाठ एलडब्ल्यूआयपीचा इको सर्व्हर हा आहे. एलडब्ल्यूआयपी हे ॲडम डंकेल्स यांनी स्वीडनमध्ये लिहिलेले छोट्या यंत्रांसाठीचे टीसीपी-आयपीचे ग्रंथालय. झायलिंक्सच्या टूलमध्ये हा नमुना तयार मिळतो: डीएचसीपीने पत्ता मिळाला तर ठीक, नाहीतर काही वेळाने बोर्ड १९२.१६८.१.१० हा पत्ता घेतो आणि ७ क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते परत फेकतो. कागदावर पाच मिनिटांचे काम. प्रत्यक्षात अडते ते फायच्या ओळखीपाशी. वेग ठरवण्यासाठी हा कोड फायचे नोंदकप्पे वाचतो, आणि मार्व्हेल, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, रिअलटेक अशा ओळखीच्या कंपन्यांसाठी त्यात वेगवेगळी फंक्शने आहेत. जुन्या आवृत्त्यांत ही यादी तोकडी होती. बोर्डावर रिअलटेक आणि कोड मार्व्हेल समजून वाचतोय, अशी अवस्था झाली की लिंकचा दिवा लागतो, सिरियल टर्मिनलवर सगळे छान दिसते, आणि पिंग मात्र जात नाही. पाठ लिहिणाऱ्याकडे मार्व्हेलचा झेडबोर्ड होता, वाचणाऱ्याकडे रिअलटेकचा झायबो. पाठ चुकीचा नव्हता आणि वाचणाराही चुकला नव्हता.

दुसऱ्या घराण्यात मजा जास्त आहे आणि खड्डेही. आर्टी ए७ घेऊ, कारण शिकणाऱ्यांमध्ये तो बराच पसरलेला आहे; आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरांचे शिकाऊ अवतारही याच बोर्डावर चालतात. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीपी८३८४८जे ही १०/१०० मेगाबिटची फाय आहे, एमआयआय इंटरफेसने जोडलेली. चार तारा येणाऱ्या माहितीसाठी, चार जाणाऱ्यासाठी, १०० मेगाबिटच्या वेगाला २५ मेगाहर्ट्झचे क्लॉक. ही दोन्ही बाजूंची क्लॉक फाय स्वतः पुरवते. पण तिला स्वतःला जगायला जे २५ मेगाहर्ट्झ लागते ते आर्टीवर एफपीजीएने बनवून द्यायचे असते. फायसाठी वेगळे स्फटिक बोर्डावर बसवलेले नाही. ही ओळ पाठात असतेही, पण क्लॉकिंग विझार्डमधल्या तीन आउटपुटांपैकी एक म्हणून, काहीही स्पष्टीकरण न देता. ज्याने ती गाळली त्याची फाय मेलेली राहते आणि लॅपटॉप ‘केबल निघालेली आहे’ असे सांगत राहतो. तो बिचारा मग केबल बदलत बसतो.

डिजिलेंटचा आर्टीसाठीचा प्रचलित पाठ मायक्रोब्लेझ या सॉफ्ट प्रोसेसरचा आहे. जाळीतच प्रोसेसर बांधायचा, त्याला डीडीआर३ मेमरीचा कंट्रोलर, इथरनेटलाइट नावाचा छोटा मॅक, टायमर आणि इंटरप्ट जोडायचा, आणि वर तोच एलडब्ल्यूआयपीचा इको सर्व्हर चालवायचा. टायमर का, हे पाठ सांगत नाही: टीसीपीला पुन्हा पाठवणीचा हिशेब ठेवायला घड्याळ लागते, त्यामुळे टायमरशिवाय ग्रंथालय उभेच राहत नाही. डीडीआर का, हेही सांगत नाही: आर्टीच्या ३५टी चिपमध्ये एकूण ब्लॉक रॅम १,८०० किलोबिट, म्हणजे २२५ किलोबाइट, आणि त्यातलाच वाटा इतरांनाही हवा असतो. हे दोन ‘का’ कळले की ब्लॉक डायग्राममधली चित्रे पाठ करावी लागत नाहीत, आणि टूलची आवृत्ती बदलली तरी माणूस गडबडत नाही.

इथरनेटलाइट फुकट मिळतो. गिगाबिटचा मॅक मात्र परवान्याचा आहे, आणि परवान्याविना त्याची चाचणीप्रत काही वेळ चालून थांबते. अल्टेराकडच्या ट्रिपल स्पीड इथरनेटचेही तेच. डीई२-११५ वर दोन गिगाबिट फाय आहेत, त्यासाठी अल्टेराच्या विद्यापीठ कार्यक्रमाचा एक सुबक पाठही आहे. पण परवाना नसलेल्या प्रयोगशाळेत त्या पाठाचा शेवट वेळमर्यादेच्या बिटस्ट्रीमवर होतो. बोर्ड विकत घेताना हा खर्च कोणी बोलून दाखवत नाही. महाविद्यालयात खरेदीचे पत्रक बनवणाऱ्याने हे आधी पाहावे.

परवान्याची भानगड नको असलेल्यांसाठी मुक्त स्रोताची वाट आता चांगलीच रुळली आहे, आणि खरे सांगायचे तर गेल्या दशकातली या विषयातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच घडली. ॲलेक्स फोरेंचिच यांचा व्हेरिलॉग-इथरनेट हा संग्रह घ्या. त्यात मॅकपासून एआरपी, आयपी, यूडीपीपर्यंत सगळे व्हेरिलॉगमध्ये आहे, प्रोसेसर कुठेच नाही, आणि आर्टीपासून महागड्या १० गिगाबिटच्या बोर्डांपर्यंत वेगवेगळी उदाहरणे तयार आहेत. आर्टीचे उदाहरण चढवले की बोर्ड १९२.१६८.१.१२८ या पत्त्यावर १२३४ या यूडीपी पोर्टवर ऐकू लागतो आणि नेटकॅटमधून टाइप केलेले परत पाठवतो. बिटस्ट्रीम बनवायला मेकफाइल आहे. चित्रे ओढत बसावे लागत नाही. आणि चाचण्या पायथनमध्ये आहेत, म्हणजे बोर्ड हातात नसतानाही एआरपीचे उत्तर कसे तयार होते ते सिम्युलेशनमध्ये पाहता येते. लेखकाने समजावून सांगितलेले ट्युटोरियल तिथे जवळजवळ नाही. कोडच वाचायचा. तरीही मी कुणाला एकच गोष्ट वाचायला सांगेन तर ती ही.

दुसरी व्यवस्था लाइटएक्स. फ्रान्समधल्या फ्लोरां केर्मारेक यांनी वाढवलेली, पायथनमधून हार्डवेअर बांधणारी. तिच्यातला लाइटइथ हा मॅक बऱ्याच बोर्डांवर चालतो, आणि आज्ञेच्या शेवटी इथरनेट हवे असा एक पर्याय जोडला की तयार झालेला बोर्ड १९२.१६८.१.५० वर उभा राहून १९२.१६८.१.१०० वरच्या संगणकाकडून टीएफटीपीने लिनक्ससुद्धा ओढून घेऊ शकतो. इथरबोन या पर्यायाने तर बोर्डाच्या आतले नोंदकप्पे यूडीपीवरून थेट वाचता येतात. एलईडीच्या मोठ्या फलकांसाठी विकली जाणारी कलरलाइट ५ए-७५बी ही रिसीव्हर पाटी लोकांनी उलगडून पाहिली, तेव्हा तिच्यात लॅटिसची ईसीपी५ चिप आणि दोन गिगाबिट फाय निघाल्या. लाइटएक्स आणि योसिस या मुक्त टूलांवर ती सुरेख चालते. स्वस्तात गिगाबिट शिकायचे असेल तर हा चोरवाटेचा पण खरा मार्ग आहे. अडचण एवढीच की त्यावरचे बफर फलकाकडे माहिती पाठवण्याच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे इनपुट मिळवायला सोल्डरिंगची तयारी लागते.

इथे एक निवाडा देऊन टाकतो: पहिल्या प्रकल्पात टीसीपी व्हेरिलॉगमध्ये लिहू नये. जमत नाही असे नाही. झुरिचच्या ईटीएचमध्ये १० गिगाबिटचा टीसीपी जाळीत उतरवलेला आहे. पण हरवलेले पाकीट पुन्हा पाठवायचे तर पाठवलेले सगळे साठवून ठेवावे लागते, प्रत्येक जोडणीची अवस्था सांभाळावी लागते, आणि यात मूळ प्रकल्प बाजूला पडतो. बोर्ड आणि लॅपटॉप यांच्यात एकच तार असेल तर यूडीपी पुरते. १०० मेगाबिटच्या तारेवर मोठ्यात मोठी पाकिटे सलग सोडली तर प्रत्येक १,५३८ बाइटांच्या जागेत १,४७२ बाइट आपल्या कामाचे जातात, म्हणजे सुमारे ९५.७ मेगाबिट. पाकिटांना अनुक्रमांक द्यावा, हरवले की कळते.

आता आवृत्त्यांचे दुखणे. एफपीजीएची ट्युटोरियल्स दुधासारखी नासतात, आणि नासल्याची तारीख पिशवीवर छापलेली नसते. झायलिंक्सचे आयएसई २०१३ मध्ये १४.७ वर थांबले. त्याआधीच, २०१२ मध्ये विवाडो आले होते. विवाडोबरोबरचे एसडीके २०१९.१ पर्यंत होते, २०१९.२ पासून त्याची जागा विटिसने घेतली आणि हार्डवेअरच्या निर्यात फाइलचे नाव एचडीएफवरून एक्सएसए झाले. २०२३.२ मध्ये विटिसचे अंगणच बदलले, जुने मेन्यू गेले. २०२२ मध्ये झायलिंक्स एएमडीकडे गेली आणि कागदपत्रांचे पत्ते हलले. अल्टेराने २०१५ मध्ये इंटेलच्या घरात जाऊन आता पुन्हा वेगळा संसार मांडला आहे. दरम्यान क्वार्टस २ चे क्वार्टस प्राइम झाले, क्यूसिसचे प्लॅटफॉर्म डिझायनर झाले, आणि नायॉस २ हा सॉफ्ट प्रोसेसर मागे पडून रिस्क-व्हीवरचा नायॉस व्ही आला. नायॉस २ वर नेटवर्कचे जे असंख्य पाठ आहेत ते आता इतिहासाच्या कप्प्यात.

नेक्सिस ए७ चे उदाहरण सगळ्यात बोलके. त्यावरची लॅन८७२०ए ही फाय आरएमआयआय बोलते: दोन-दोन तारा, ५० मेगाहर्ट्झचे सामाईक क्लॉक. इथरनेटलाइटला मात्र फक्त एमआयआय कळते. मध्ये दुभाषा म्हणून झायलिंक्सचा एक छोटा तयार ब्लॉक होता आणि डिजिलेंटचा पाठ त्यावर उभा होता. पुढच्या विवाडोतून तो ब्लॉक काढून टाकला गेला. पाठ तसाच राहिला, पायऱ्या तशाच, फक्त तिसऱ्या-चौथ्या पायरीवर शोधलेला ब्लॉक यादीत सापडत नाही. नवख्याला वाटते आपलेच काहीतरी चुकले. यावर उपाय दोन. पाठ ज्या आवृत्तीत लिहिला तीच आवृत्ती बसवायची. कंपन्या जुन्या आवृत्त्या उतरवून घेऊ देतात, जागा मात्र भरपूर खातात. किंवा तो दुभाषा स्वतः लिहायचा, जो दोन-दोन बिट जोडून चार करण्यापलीकडे फारसे काही करत नाही आणि व्हेरिलॉगच्या अभ्यासासाठी उत्तम आहे. पाठात एसडीके किंवा एचडीएफ असे शब्द दिसले की तो २०१९.२ च्या आधीचा, एवढी खूणगाठ बांधली तरी बराच वेळ वाचतो.

कोणते कागद नासत नाहीत? बोर्डाचा स्किमॅटिक, मुख्य कन्स्ट्रेंट फाइल आणि फायची डेटाशीट. हे तिन्ही ट्युटोरियल म्हणून कोणी वाचत नाही, कारण ते क्रमाने काही सांगत नाहीत. पण फायचा पत्ता काय, रीसेट कोणत्या पिनेवर, क्लॉक कुठून येते, चालू होताना कोणते रोधक कोणती अवस्था ठरवतात, हे फक्त तिथेच खात्रीने मिळते. डीई२-११५ वर फाय एमआयआयमध्ये की आरजीएमआयआयमध्ये हे जंपर ठरवतात. जंपर आधीच्या तुकडीतल्या कोणी हलवला असेल तर जगातला कोणताही पाठ कामाचा नाही.

गिगाबिटच्या बोर्डांवर डेटाशीटला आणखी एक कारणाने पर्याय नाही. आरजीएमआयआयमध्ये १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकच्या दोन्ही कडांवर चार-चार बिट जातात. एका बिटाला चार नॅनोसेकंद. क्लॉकची कड त्या खिडकीच्या मध्यावर यावी म्हणून ती सुमारे दोन नॅनोसेकंद उशिरा आणावी लागते. हा उशीर बोर्डावरची तार लांब करून आणता येतो, फायच्या आत चालू करता येतो, किंवा एफपीजीएत. तिघांपैकी कोणीच केला नाही तर बिट चुकतात. दोघांनी केला तर कड पुढच्या बिटावर जाते. लिंक मात्र लागते, कारण लिंक ठरवणे हे दोन फायमधले आपसातले काम आहे, आपल्या चिपचा त्यात हात नाही. लिनक्समध्ये हीच गोष्ट डिव्हाइस ट्रीतल्या फाय-मोडच्या एका शब्दावर येते: नुसता आरजीएमआयआय की त्यापुढे आयडी. कितीतरी ‘लिंक आहे पण पिंग नाही’ या तक्रारींचे मूळ या दोन अक्षरांत असते. गंमत अशी की १०० मेगाबिटवर उतरवले की तोच बोर्ड अनेकदा चालू लागतो, कारण तिथे खिडकी रुंद आहे. वेग जबरदस्तीने कमी करून पाहणे ही त्यामुळे फार स्वस्त आणि फार उपयोगी परीक्षा आहे.

बोर्डाकडचे सगळे बरोबर असूनही पिंग लागत नाही, असेही पुष्कळदा होते, आणि याबद्दल ट्युटोरियल्स जवळजवळ मूक आहेत. दोष तेव्हा लॅपटॉपकडे असतो. घरोघरचे वायफाय राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या जाळ्यात पत्ते वाटतात. नमुना कोडमधले बोर्ड बहुतेक १९२.१६८.१ मध्येच बसतात. लॅपटॉप वायफायवर आहे आणि लॅनच्या तारेवर बोर्ड आहे, दोन्ही एकाच जाळ्यात, मग १९२.१६८.१.१० साठीचे पाकीट लॅपटॉप खुशाल वायफायवरच सोडू शकतो. बोर्ड वाट पाहत बसतो. वायफाय बंद करा, किंवा त्याहून चांगले, कोडमध्ये बोर्डाचा पत्ता १९२.१६८.५० सारख्या वेगळ्या जाळ्यात न्या. पिंकवाल्यांनी २ चे जाळे निवडले, त्यामुळे त्यांचे वापरणारे या खड्ड्यात कमी पडतात.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत याचा भाऊबंद भेटतो. नमुना कोडमध्ये मॅक पत्ता लिहून ठेवलेला असतो, आणि तो बदलायचा असतो हे कोणी सांगत नाही. वर्गातल्या वीस बोर्डांनी एकच मॅक पत्ता घेऊन एकाच स्विचवर हजेरी लावली, की स्विचला दर क्षणी वाटते हा पत्ता आता या पोर्टवर गेला, आता त्या. प्रत्येकाचा बोर्ड अधूनमधून चालतो. अधूनमधून चालणे हे मुळीच न चालण्यापेक्षा वाईट. पहिल्या बाइटचा शेवटून दुसरा बिट १ ठेवला, म्हणजे उदाहरणार्थ ०२ ने सुरू होणारा पत्ता घेतला, तर तो खासगी वापराचा ठरतो. पुढे हजेरीपटावरचा क्रमांक घालावा आणि मोकळे व्हावे. संस्थेच्या मुख्य जाळ्यात तर नोंदणी नसलेला मॅक पत्ता स्विचवरच अडवलेला असू शकतो, तेव्हा पहिले प्रयोग लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यातल्या सरळ तारेवरच करावेत. आता क्रॉस केबल शोधायची गरज पडत नाही.

वायरशार्कचा सल्ला सगळेच देतात. त्यातली मेख थोडेच सांगतात. फ्रेमच्या शेवटचा ३२ बिटांचा सीआरसी चुकला असेल तर लॅपटॉपचे नेटवर्क कार्ड ती फ्रेम स्वतःच फेकून देते. वायरशार्कपर्यंत ती पोचतच नाही. पडदा कोरा आहे म्हणजे बोर्डाने काही पाठवले नाही, हा निष्कर्ष त्यामुळे घातक ठरतो. व्हेरिलॉगमध्ये पहिला मॅक लिहिणाऱ्याचा सीआरसी हमखास चुकतो: बिटांचा क्रम उलटा, किंवा शेवटचे उलटवणे राहिले, किंवा प्रीअँबलही हिशेबात धरला. लिनक्सवर इथटूलने कार्डाची आकडेवारी पाहिली की सीआरसी त्रुटींचा आकडा वाढताना दिसतो, आणि तो वाढत असेल तर आनंद मानावा: क्लॉक बरोबर आहे, तारा बरोबर आहेत, फ्रेम पोचते आहे. काही कार्डांना चुकलेल्या फ्रेमही वर पाठवायला सांगता येते. आणि फ्रेम ६४ बाइटांहून लहान असली तरीही ती बाद होते. एआरपीचे उत्तर मुळात ४२ बाइटांचे, त्याला शून्यांची भर घालून ६० वर न्यावे लागते, वर चार सीआरसीचे.

आपल्याकडच्या साधनांबद्दल. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा व्हेरिलॉगचा आणि आयआयएससीचा पीएलडी-एफपीजीएवरचा अभ्यासक्रम आहे. पाया पक्का करायला दोन्ही चांगले. पुण्यात सी-डॅकची व्हीएलएसआयची पदविका आहे. पण आर्टीसारखा बोर्ड हातात घेऊन फायपासून यूडीपीपर्यंत नेणारा पाठ मराठीत सोडाच, भारतीय प्रयोगशाळांची परिस्थिती धरून इंग्रजीतही सहज हाती लागत नाही. पुस्तकांत स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातून २०१४ मध्ये आलेले झिंक बुक मोफत मिळते. त्यातली टूलची चित्रे जुनी झाली, प्रोसेसर आणि जाळी यांच्यामधल्या देवाणघेवाणीची प्रकरणे मात्र अजून वाचनीय.

नेटवर्कचा धडा कुठे बसवावा याचा चांगला नमुना खगोलशास्त्रज्ञांनी घालून दिला आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. अद्ययावत केलेल्या जीएमआरटीच्या रुंदपट्टा यंत्रणेत अँटेनांकडून आलेला संकेत रोच नावाच्या एफपीजीए बोर्डांवर डिजिटल होतो, त्याची पाकिटे बनतात आणि ती १० गिगाबिट इथरनेटने जीपीयू असलेल्या संगणकांकडे जातात. रोच हा बर्कलेहून सुरू झालेल्या कॅस्पर या सहकार्याचा बोर्ड. त्यांच्या पाठमालेचा क्रम पाहण्यासारखा आहे: पहिल्या पाठात एलईडी, दुसऱ्यात थेट १० गिगाबिट इथरनेट, आणि त्यानंतर वर्णपटमापक, मग कोरिलेटर. नेटवर्क शेवटी जोडायची शोभा न राहता दुसरीच पायरी होते. बोर्डाबाहेर माहिती काढता आली नाही तर पुढच्या पाठात केलेले काम बरोबर आहे की नाही हेच कळणार नाही, हे त्यांनी धंद्यातल्या गरजेतून ओळखले.

हाच क्रम शंभर मेगाबिटच्या बोर्डावर उतरवायला काही अडत नाही. एलईडीनंतरचा दुसरा पाठ मी असा लावेन: एमडीआयओवरून फायचे २ आणि ३ क्रमांकाचे नोंदकप्पे वाचून तिची ओळख एलईडींवर दाखवणे, मग येणाऱ्या फ्रेम नुसत्या मोजणे, मग आपल्या पत्त्याची एआरपी विचारणा ओळखून तिला उत्तर देणे, आधी सिम्युलेशनमध्ये आणि मग तारेवर, शेवटी पिंगचे उत्तर. प्रोसेसर नाही, परवाना नाही, आणि विवाडोच्या आवृत्तीशी बांधिलकी जवळजवळ नाही. पिंगच्या उत्तराला तर चेकसमचा सबंध हिशेबही नव्याने करावा लागत नाही: प्रकाराचा बाइट ८ वरून ० झाला, की चेकसममध्ये ८ गुणिले २५६ एवढी भर घालायची, हातचा आला तर तो शेवटी मिळवायचा.